फ्रान्समध्ये दही कुठलं घ्यायचं: याऊर्त, फ्रोमाज ब्लां की फेसेल?

ल्योंला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी दहीभात म्हणून जो खाल्ला, तो खरं तर सायभात होता. पांढरा डबा, त्यावर घट्ट पांढऱ्या गोळ्याचं चित्र, नाव 'क्रेम फ्रेश'. त्यातलं 'फ्रेश' तेवढं मला कळलं. यात तीस टक्के स्निग्धांश असतो आणि ती आंबवलेली असल्यामुळे जिभेला जराशी आंबटही लागते, म्हणून वाटी अर्धी होईपर्यंत शंकासुद्धा आली नाही. त्या दिवशी रात्री जेवले नाही.

तेव्हा इथे नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: दही शोधायला जाऊच नका. दुकानातली दुधाच्या पदार्थांची रांग संपता संपत नाही आणि त्यात 'दही' नावाचं काही नसतं. दही कशासाठी हवंय ते घरून ठरवून निघा.

रोजच्या भाताला, कोशिंबिरीला आणि कढीला याऊर्त घ्या. 1988 सालच्या फ्रेंच नियमानुसार ठरावीक दोनच जिवाणूंनी लावलेल्या दह्याला हे नाव देता येतं, आणि ते जिवाणू ग्रॅममागे किमान 1 कोटी, तेही जिवंत असावे लागतात. नुसतं 'नात्यूर' लिहिलेलं घ्या, म्हणजे साखर आणि फळं टळतील. त्यातही 'ब्रासे' म्हणजे घुसळून मऊ केलेलं. भातात तेच छान मिसळतं. अडचण एकच, ते 125 ग्रॅमच्या कपांत येतं. चार माणसांच्या कढीला कपांची झाकणं सोलत बसावं लागतं. हे लोक जेवण झाल्यावर एकेक कप साखर किंवा जॅम घालून खातात, त्यांच्या हिशेबाने माप बरोबरच आहे.

घरी विरजण लावणार असाल तरी याऊर्तच. यातले जिवाणू 40 अंशांच्या पुढच्या उबेत वाढतात, त्यामुळे दूध चांगलं कोमट असू द्या आणि भांडं उबेत ठेवा. दूध लाल बुचाचं, म्हणजे पूर्ण सायीचं. निळ्या बुचाचं अर्धी साय काढलेलं असतं आणि दही पातळ लागतं.

आता श्रीखंड. इथे बहुतेक जण 'अ ला ग्रेक', म्हणजे 'ग्रीक पद्धतीचं', लिहिलेल्या डब्याकडे वळतात, कारण तो दिसतो घट्ट. पण इथल्या बहुतेक डब्यांतला घट्टपणा दही टांगून आलेला नसतो, क्रीम घालून आणलेला असतो. साखर पडली की ते पातळ होतं, आणि खाताना जिभेवर तुपकट थर बसतो. मी दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा करणार नाही.

फ्रोमाज ब्लां या नावाचा अर्थ 'पांढरं चीज', पण डबा उघडला की आतमध्ये चुलत चक्का निघतो. दूध विरजून, बहुधा थोडं रेनेट (दूध फाडणारं एंझाइम) घालून फाडलेलं आणि पाणी निथळवलेलं. किलोचा डबा मिळतो. स्निग्धांशाचे आकडे नीट बघा: शून्य टक्केवालं डाएटला ठीक, तीनच्या आसपासचं चालेल, श्रीखंडाला मात्र सात-आठ टक्क्यांचंच. कोणी जुन्या सवयीने 'चाळीस टक्केवालं' म्हणालं तर घाबरू नका, तो आकडा पाणी वगळून मोजलेला, वस्तू हीच.

फेसेल हे त्याचंच न घोटलेलं रूप. डब्यात भोकांचा साचा, साच्यात दह्याची अखंड वडी आणि भोवती दह्याचं पाणी. साचा उचलून धरला की पाणी तुमच्या डोळ्यांसमोर निथळतं. महाग पडतं, पण चव दोघांत उजवी, आणि टांगायचं अर्धं काम डबाच करून ठेवतो. चार माणसांसाठी करायचं असेल तर मी फेसेल घेते. गणेशोत्सवाला वीस जण येणार असतील तर किलोचे डबे.

दोन्हींना रात्रभर फडक्यात टांगावंच लागतं. किलोभरातून माझ्या हाती सहा-सातशे ग्रॅम येतं. आपल्या चक्क्यापेक्षा ते गुळचट असतं, म्हणून टांगण्याआधी एक-दोन कप याऊर्त त्यात मिसळायचं. साखर घरच्यापेक्षा कमी, तीही पिठीसाखर. मग पुरणयंत्र. ते इथे मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण जुन्या बाजारात तीन युरोला हाती लागलं: दांडा, चकत्या, खालचे तीन पाय, सगळं ओळखीचं. फ्रेंच त्याला 'मुलँ आ लेग्यूम' म्हणतात. ज्यां मांतले यांनी 1932 साली ते बटाटे कुस्करायला आणलं आणि त्यातूनच पुढे मुलिनेक्स कंपनी उभी राहिली. त्यातून उतरलेल्या श्रीखंडात गुठळी शोधून दाखवा.

काटेकोर शाकाहारी असाल तर थांबा. रेनेट, म्हणजे 'प्रेज्युर', वासराच्या जठरातलं असू शकतं. ते यादीत दिसलं नाही म्हणजे नाहीच असं समजू नका, कारण अशा साध्या पदार्थांवर एंझाइम छापायची सक्ती नसते. डब्यावर सूक्ष्मजीवांपासूनचं असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, नाहीतर सरळ साधं याऊर्त टांगा. वेळ जास्त लागतो, चक्का कमी पडतो, पण आंबटपणा थेट घरच्यासारखा.

श्रीखंड करायचं नसलं तरी एकदा फेसेल घ्याच, ल्योंच्या लोकांसाठी. चाइव्हची पात, शॅलट कांदा, मीठ, मिरी, तेल आणि व्हिनेगर घालून ते ज्याला 'सेर्वेल द कान्यू' म्हणतात, ते आपल्या हिशेबाने कांद्याची कोशिंबीर आहे. शब्दशः अर्थ 'विणकराचा मेंदू'. कान्यू म्हणजे इथले रेशीम विणणारे कामगार. उकडलेल्या बटाट्यांबरोबर खातात. मी त्यात हिरवी मिरची घालते आणि कोणाला सांगत नाही.

ताकाचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. 'ले रिबो' असं लिहिलेली बाटली शोधा. मूळची वायव्य फ्रान्समधल्या ब्रेतानीची, तिकडे कुट्टूच्या पिठाच्या खारट धिरड्यांबरोबर वाडग्यातून पितात. ताकापेक्षा दाट असतं, निम्मं पाणी घालून जिरं-मीठ लावा. आमच्याकडच्या दुकानात ती याऊर्तजवळ नसते, दुधाच्या बाटल्यांमागे खालच्या फळीवर असते. आठ महिने मी तिच्यासमोरून जात होते.