पडल्यानंतर: स्टीलची फ्रेम की कार्बनची?

सोलापूरहून तुळजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याला सराव करणारा हौशी सायकलस्वार कधी ना कधी पडतोच. तेव्हा फ्रेम कशाची, हे महत्त्वाचं ठरतं.

स्टील वाकतं, पोचा पडतो, पण इजा बहुधा डोळ्यांना दिसते. चांगला कारागीर बरंच सावरतो. वजन जास्त, ओरखड्यावर गंज धरतो, तेवढा रंग लगेच लावावा.

कार्बन, म्हणजे कार्बन फायबरचे थर एकमेकांना चिकटवून केलेलं साहित्य, हलकं, तुळजापूरच्या घाटात सुखाचं. पण आदळल्यावर आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. नाण्याने टकटक करून बद्द आवाज आला, तर चालवूच नका. आवाज ठीक असला तरी जाणकाराला दाखवाच. दुरुस्ती होते, पण खर्चिक.

एकच सायकल परवडणार असेल, तर मी स्टीलच सांगेन. आपटलेलं हेल्मेट मात्र दोन्हीकडे बदलायचंच.