नवा टॉपिक शोधायला को-सायटेशन घ्यायचं, कपलिंग की कीवर्ड?

पीएचडीसाठी असो की ग्रँटसाठी, आपल्या फिल्डमध्ये नवीन काय उगवतंय हे पेपरांच्या डेटावरून बघायचं म्हटलं की बरेच जण थेट को-सायटेशनचा नकाशा काढतात. दोन जुने पेपर किती नव्या पेपरांमध्ये जोडीने साइट होतात ते मोजायचं, हेन्री स्मॉलने 1973 मध्ये मांडलेलं. नकाशा दिसतो देखणा पण तो कालचा असतो, कारण पेपर छापून यायचा, लोकांनी वाचायचा, मग त्यांचे पेपर यायचे, यात दोनेक वर्षं सहज जातात. फिल्डचा इतिहास लिहायचा असेल तर जरूर घ्या.

बिब्लिओग्राफिक कपलिंग त्याच्याही आधीचं, केसलरचं, 1963. इथे उलटं, दोन पेपरांच्या संदर्भसूचीत किती नोंदी सारख्या आहेत ते बघायचं. आता संदर्भसूची तर पेपर छापला त्याच दिवशी हातात असते ना, मग कोणी साइट करेपर्यंत थांबायचं कशाला? क्रिस्पर या जीन एडिटिंगच्या तंत्राचंच घ्या, डाउडना-शार्पेंटिए यांचा पेपर 2012 चा, त्याच्या आधारावर 2013 मध्ये जे धडाधड पेपर आले ते एकमेकांना साइट करत नसले तरी कपलिंगमध्ये लगेच एका घोळक्यात येतात.

कीवर्ड बर्स्ट सगळ्यात सोपं, क्लाइनबर्गचा 2002 चा अल्गोरिदम, साइटस्पेस या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो, एखादा शब्द अचानक उसळला की पकडतो. पण शब्दच नसेल तर पकडणार काय? क्रिस्परचे ते रिपीट्स, म्हणजे डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे तुकडे, ओसाकात 1987 मध्येच दिसले होते, नाव आलं 2002 मध्ये, मधल्या काळात ज्याचं त्याचं वेगळं नाव. आणि फॅशनचे शब्द असतातच, टायटलमध्ये 'एआय' चिकटवायचं, आत माल जुनाच.

मी कपलिंगच घेईन, शेवटच्या तीनच वर्षांचे पेपर, आणि घोळक्यांना नावं द्यायपुरते कीवर्ड. कॉलेजकडे स्कोपस (पेपरांचा विकतचा डेटाबेस) नसेल तर तसाच ओपनअ‍ॅलेक्स फुकट आहे, फक्त काही पेपरांची संदर्भसूची त्यात अर्धवट असते आणि असे पेपर कपलिंगमधून गुपचूप गळतात, त्यामुळे आधी तपासून घ्या. रिव्ह्यू पेपर पण काढून टाका, 300 संदर्भ असले की ते सगळ्यांनाच चिकटतात. नकाशाला व्हॉसव्ह्यूअर, तेही फुकट. त्यात कमीत कमी सायटेशन किती असं विचारतात तिथे शून्य टाका बरं का, 5 ठेवलंत तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते नवे पेपरच उडतील.