टायटॅनियमच्या नावाने विकलेली गंजकी पक्कड : गरीने मासे धरण्याची हौस असणाऱ्यांसाठी इशारा

माशाच्या तोंडातला गळ काढण्याच्या एका पकडीचे ४,६५० रुपये आणि पुढे तिच्या वॉरंटीच्या नावाखाली ८९० रुपये, असे एकूण ५,५४० रुपये माझ्याकडून उकळण्यात आले. समाजमाध्यमावर पान चालवणाऱ्या विक्रेत्याने ती पक्कड ‘आयात केलेली, खाऱ्या पाण्यासाठी खास, अस्सल टायटॅनियमची’ म्हणून विकली; प्रत्यक्षात ती मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची निघाली. आधी आगाऊ यूपीआय, मग गोड बोलणे आणि शेवटी बंद नंबर, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. माल कसा लपवला होता ते मात्र सांगितलेच पाहिजे, कारण त्या पानाच्या जाहिराती आजही सुरू आहेत.

ही खरेदी चैनीची नव्हती. धरमतरच्या खाडीत जिताडा मासा लागला की त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धारदार कड हात कापते, आणि ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, तीन आकड्यांचे दोन गळ असतील तर एक माशाच्या जबड्यात रुतलेला व दुसरा मोकळा, अशा स्थितीत बोटे तोंडाजवळ नेणे धोक्याचे असते. त्यासाठी लांब, निमुळत्या तोंडाची आणि न गंजणारी पक्कड लागते.

पार्सल उघडताच मी जबड्याला लोहचुंबक लावला आणि तो चिकटला. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “साहेब, जबडे आणि दोरी कापायचे पाते कठीण पोलादाचेच असतात, बाकी अंग टायटॅनियमचे आहे.” हे उत्तर निखालस खोटे असते तर मी तिथेच थांबलो असतो. अॅल्युमिनियमच्या चांगल्या पकडींनाही जबडे आणि पाती पोलादाचीच बसवलेली असतात, हे मला माहीत होते, आणि नेमका त्याचाच त्याने फायदा घेतला. मुठींवर जाड रबर चढवलेले होते. त्यावरून चुंबकाची ओढ मंद लागली, ती मी जवळच्या सांध्याची समजलो. ते रबर त्याच क्षणी पात्याने चिरून पाहायला हवे होते, हा विचार आजही मला छळतो. पण छेडछाड केलेला माल परत घेणार नाही, असे त्याने आधीच बजावले असताना ४,६५० रुपयांची नवी वस्तू कोण कापेल? पक्कड हातालाही जड लागली होती. टायटॅनियम पोलादापेक्षा ४० टक्क्यांहून अधिक हलके असते. मात्र ताडून पाहायला टायटॅनियमची दुसरी पक्कड घरात कोणाच्या असते?

काही आठवड्यांतच सांधा आवळला आणि रबराखालून तांबडे पाणी झिरपू लागले. त्यावर ‘तुम्ही निगा राखली नाही’ असे मलाच ऐकवण्यात आले. मी दर वेळी ती गोड्या पाण्यात उघडझाप करत धुतली, पुसून वाळवली, सांध्यावर हलक्या तेलाचा थेंब सोडला आणि ओली असताना नायलॉनच्या म्यानात कधीही घातली नाही, कारण म्यानातला खारेपणा धातू खातो. दोरीच्या पात्याने गळाची तारही कधी तोडली नाही. वॉरंटीसाठी ‘परत मिळणारे सीमाशुल्क’ म्हणून ८९० रुपये भरायला लावले आणि त्यानंतर नंबर बंद झाला. वॉरंटीसाठी पैसे मागितले की तिथेच बोलणे तोडा.

पोलीस ठाण्यात रक्कम किरकोळ असल्याचे सांगून हा ग्राहकाचा वाद ठरवण्यात आला. बँकेने पिन तुम्हीच टाकला होता म्हणून हात झटकले. मग खोटे सांगून टाकायला लावलेला पिन कोणाच्या खाती जमा धरायचा, याचे उत्तर तिथे कोणीही दिले नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. परंतु नोटीस बजावायला विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि तो शोधण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. ठाण्यातून बँकेत आणि बँकेतून पुन्हा ठाण्यात पाठवल्या जाणाऱ्या माणसाचा वेळ आणि मनस्ताप कोणत्या रकान्यात मोजतात?

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. माझ्या डब्यावर यातले काहीही नव्हते. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद गंजणारेच, असे नाही. ४२० दर्जाचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते, मात्र खाऱ्या पाण्यात त्याला ३१६ दर्जाच्या स्टेनलेसपेक्षा अधिक जपावे लागते. सोनेरी ‘टायटॅनियम कोटिंग’ म्हणजे टायटॅनियमची पक्कड नव्हे. दुकानात जाऊन, मुठीचे आवरण सरकवून, सांधा दहा वेळा उघडून बघूनच पैसे द्या. आणि ज्यांच्याकडे असे पार्सल आले असेल त्यांनी कुरियरची पावती फेकू नये. माल कुठून उचलला, याची नोंद पावतीवरच्या क्रमांकावरून कुरियरकडे मागता येते, आणि माझ्या नव्या अर्जात मी तीच मागितली आहे.