रेंडरला लावलं की पीसी रिस्टार्ट! जळगावात शेवटी दुखणं सापडलं

गोलाणी मार्केटमधे कॉम्प्युटर रिपेअरिंगचं एक छोटं दुकान आहे, तिथला अनुभव लिहितोय कारण त्याआधी दोन महिने मी लय हैराण झालो होतो. माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम, ऐन सीझनमधे रेंडरला (एडिट केलेल्याचा फायनल व्हिडिओ बनवायला) लावलं की दहा मिनिटात पीसी रिस्टार्ट. एकाने रॅम बदलायला लावली, दुसऱ्याने विंडोज मारून दिलं आणि एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायला, मीटर लावून सांगितलं, 12.05 व्होल्ट येताय, सप्लाय ओके. मला वाटलं लाइटच कमीजास्त होतेय, म्हणून स्टॅबिलायझर पण आणला, काडीचा फरक नाही.

इथल्या दादांनी पहिलं हेच विचारलं, "मीटर लावला तेव्हा रेंडर चालू होतं का भाऊ?" नव्हतं ना! मग माझाच प्रोजेक्ट चालू करायला लावला आणि रिकाम्या मोलेक्सच्या (सप्लायमधून निघणारा चार पिनचा प्लग) पिवळ्या-काळ्या वायरीत मीटरच्या पिना टाकल्या. 12.05 चे 11.7 झाले. म्हटले हे चालतं, बाराच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, 11.40 च्या खाली नको. मग ग्राफिक कार्डाच्या प्लगमागून पिना घातल्या तर 11.2!

म्हणजे अर्धा व्होल्ट मधेच गायब. रिकाम्या वायरीतून करंट जात नाही म्हणून तिथे सप्लायच्या आतलं व्होल्टेज दिसतं, आणि कार्डाच्या टोकाला वायर आणि पिनांनी खाऊन उरलेलं. मी कार्डाला करंट द्यायला मोलेक्सवरून आठ पिनचा स्वस्तातला कन्व्हर्टर लावलेला, त्याचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, हात लावला तर चटका. दहा अँपिअर गुणिले अर्धा व्होल्ट म्हणजे पाच वॅट नुसती गरमी, तेवढ्याशा पिनांत. वरून कार्डाला वॅट तर तेवढेच लागतात, व्होल्टेज पडलं की ते करंट जास्त ओढतं आणि मग अजून पडतं.

आठ पिनची वायर थेट सप्लायमधूनच निघते असा 550 वॅटचा एसएमपीएस बसवला, तोच प्रोजेक्ट, कार्डाजवळ 11.9. त्याच्यावरचा 80 प्लस ब्रॉन्झचा बिल्ला बघून खूश होत होतो तर म्हटले तो वीज किती वाचते त्याचा आहे, लोडवर व्होल्टेज किती टिकतं ते त्यात कळत नाही.

चेकिंगचे 200 रुपये घेतले. माणूस एकटाच आहे, संध्याकाळी लय गर्दी असते, सकाळी जा आणि तुमचा जड प्रोजेक्ट हार्ड डिस्कमधे सोबत घेऊन जा.