४५ हजारांचं 'स्कॉलरशिप पॅकेज': पाचपैकी अडीच तारे

आधी हिशेब. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना स्कॉलरशिपच्या अर्जात मदत करणाऱ्या एका ऑफिसचं हे पॅकेज. किंमत ४५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५३,१००. मी तेव्हा बार्शी तालुक्यात एका संस्थेत काम करायचे आणि पगार होता २२ हजार. म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा पगार. ऑफिस पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. नाव लिहीत नाही. अशी ऑफिसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि आतून सगळी सारखीच दिसतात: काचेचं दार, लंडनच्या घड्याळाचं पोस्टर आणि भिंतीवर '९८% सक्सेस रेट'. हे ९८ टक्के स्कॉलरशिपचे नसून व्हिसाचे होते, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

मला हवी होती चेव्हनिंग. ही ब्रिटिश सरकारची एक वर्षाच्या मास्टर्ससाठीची स्कॉलरशिप, १९८३पासून चालू आहे. नाव केंट परगण्यातल्या एका जुन्या वाड्याचं, जो सहसा त्यांच्या परराष्ट्रमंत्र्याला वापरायला मिळतो. फी, राहण्याखाण्याचे पैसे, विमानाचं तिकीट, व्हिसा, सगळं त्यांच्याकडून. अट एवढीच की कोर्स संपला की मायदेशी परत यायचं आणि किमान दोन वर्षं इथंच राहायचं. अर्ज ऑनलाइन आणि पूर्ण फुकट. मग ५३,१०० कशाचे? हाच प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला होता. मी म्हटलं, "अप्पा, गाइडन्सचे." अप्पा काही बोलले नाहीत, नुसते पासबुकाकडे बघत राहिले.

जे चांगलं होतं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल नुसती रडगाणी गाते.

त्यांची एक्सेल शीट फार उपयोगाची निघाली. १ नोव्हेंबर २०२२ ही चेव्हनिंगच्या अर्जाची शेवटची तारीख. तिथून उलटं मोजत त्यांनी प्रत्येक आठवड्याला काय व्हायला हवं ते मांडून दिलं. तीन कोर्स निवडायचे. त्या विद्यापीठांचे अर्ज वेगळे करायचे, कारण चेव्हनिंग मिळाली तरी प्रवेश आपला आपणच मिळवावा लागतो, आणि जुलैपर्यंत एकातरी ठिकाणची बिनशर्त ऑफर हातात नसेल तर स्कॉलरशिप जाते. व्हिसासाठी टीबीची टेस्ट लागते आणि तिचे ७५ पौंडांपर्यंतचे पैसे चेव्हनिंग देते. असल्या बारीकसारीक गोष्टी त्या शीटमध्ये होत्या. हे सगळं वेबसाइटवर फुकट आहे, मान्य. पण दिवसभर शिवारात फिरून आल्यावर रात्री वेबसाइट वाचायला बसणं आणि कुणीतरी लाल रंगात 'या रविवारी' असं लिहून देणं, यात फरक आहे.

दुसरी चांगली गोष्ट, सरावाची मुलाखत. ती घेणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल, पण तिनं मला घाम फोडला. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर हे काम झालं नसतं का?" हा तिचा प्रश्न. मी पाच सेकंद गप्प. मार्चमध्ये खऱ्या मुलाखतीत वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न आला, तेव्हा मी गप्प बसले नाही. त्या मुलीला पाचपैकी पाच.

आता बाकीचं.

पहिल्याच भेटीत काउन्सेलर म्हणाले की माझी अटच पुरी होत नाही, पुढच्या वर्षी या. चेव्हनिंगला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. माझी नोकरी सव्वा वर्षाची, त्याआधी दीड वर्ष फेलोशिप, त्यात मानधन नावापुरतं. ते म्हणाले, "फेलोशिप म्हणजे जॉब नाही, धरत नाहीत." मी बार्शीला परत आले, अर्ध्या वाटेत एसटीत बसून नियम वाचले. पगारी, बिनपगारी, अर्धवेळ, इंटर्नशिप, स्वयंसेवक म्हणून केलेलं काम, तेव्हा सगळं चालत होतं. ३५ तासांचा आठवडा, वर्षाचे ४० आठवडे, अशी दोन वर्षं धरली की झाले २,८००. माझे तर त्याच्या कितीतरी वर जात होते. फोन केला तर म्हणाले, "हो हो, तसंही धरता येतं." हा माणूस त्या दिवशी किती जणांना 'पुढच्या वर्षी या' म्हणाला असेल कोण जाणे.

मग विद्यापीठांची यादी. मला पाण्याचं शिकायचं होतं. मी ऑक्सफर्डचा वॉटर सायन्स, पॉलिसी अँड मॅनेजमेंट आणि नॉरिच, क्रॅनफील्ड इथल्या विद्यापीठांचे पाण्याशी संबंधित कोर्स काढले होते. त्यांच्या यादीत इंटरनॅशनल मॅनेजमेंटचे दोन कोर्स आणि भूशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या मुलीला मार्केटिंगचा एक. अनेक विद्यापीठं एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. 'इतर स्कॉलरशिप्स' या रकान्यात जे. एन. टाटा एन्डाउमेंटचंही नाव होतं. १८९२ सालची, फार मानाची संस्था. पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, पैसे परत फेडायचे असतात, हा एक शब्द यादीत नव्हता. माझ्या अप्पांसारख्या माणसासाठी 'कर्जाऊ' या शब्दावर सगळं अवलंबून असतं.

आणि निबंध. माझी खरी तक्रार इथे आहे.

चेव्हनिंगचे तेव्हा चार निबंध होते, प्रत्येकी जास्तीत जास्त ५०० शब्द: नेतृत्व, ओळखीपाळखी म्हणजे नेटवर्किंग, हेच कोर्स का, आणि पुढे काय करणार. नेतृत्वाच्या निबंधात मी दोन गावांतल्या विहिरींबद्दल लिहिलं होतं. बचत गटातल्या आठ बायका दर पंधरा दिवसांनी ३४ विहिरींचं पाणी मोजायच्या. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, काठावरून खाली सोडायचा. पाण्याला लागला की 'डुबुक' होतं, तिथे बोट धरायचं आणि वर ओढून आकडा वाचायचा. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचे. ऑक्टोबरात त्या आकड्यांवरून ठरलं की यंदा रब्बीला कांदा कमी करायचा, ज्वारी-हरभरा वाढवायचा. ठरलं म्हणजे सहज नाही. एका मीटिंगमध्ये एका बागाईतदारानं मला विचारलं होतं, "पोरी, माझ्या हिरीत वाकून बघायचा तुला काय अधिकार?"

पॅकेजमधून 'एडिट' होऊन निबंध परत आला तेव्हा त्यात टेप नव्हता, नट नव्हता, बागाईतदार तर नव्हताच. होतं ते असं: 'कम्युनिटी स्टेकहोल्डर्ससोबत डेटा-ड्रिव्हन इंटरव्हेन्शन लीड केलं.' इंग्रजी झकास, व्याकरणात एक चूक नाही. वाचून मला वाटलं, कोण बाई आहे ही, भेटायला हवं. त्यातून पहिला परिच्छेद माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका मुलाच्या निबंधाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होता. तोही त्यांचाच ग्राहक. दुसऱ्याचं उचललेलं सापडलं की चेव्हनिंग अर्ज बाद करते, हे त्यांच्याच एक्सेल शीटमध्ये लिहिलेलं आहे, ओळ चौदा.

तो निबंध घेऊन मी बार्शीत माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडे गेले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली त्यांना. चेव्हनिंग हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. चष्मा लावून त्यांनी माझा जुना, कच्चा निबंध मोठ्यानं वाचला, मध्येच थांबल्या.

"अगं, हे 'आम्ही, आम्ही' काय लावलंयस? फळा कुणी मिळवला?"

"मी, बाई. सरपंचांकडे तीन चकरा मारल्या."

"मग तसं लिही की. हिरीत कोण वाकलं?"

"आधी मी. मग बायकांना शिकवलं."

"हे कुठंय यात?"

कुठेच नव्हतं. लहानपणापासून 'मी मी करू नये' असं शिकवलेलं, त्यामुळे पेन आपोआप 'आम्ही'कडे वळतं. संस्थेच्या अहवालात तर 'आम्ही'शिवाय क्रियापदच नसतं. बाईंनी लाल पेनानं सतरा 'आम्ही'ना गोल केले. त्यातले अकरा 'मी' झाले. सहा तसेच ठेवले, कारण ते काम खरंच बायकांचं होतं आणि बाई म्हणाल्या, "ते त्यांचं त्यांना राहू दे." नट आणि डुबुक परत आलं. बागाईतदाराचं वाक्यही आलं, इंग्रजीत जमेल तसं. चार निबंधांना चार रविवार गेले. फी: दोन वेळा चहा, एकदा पाव किलो चिवडा, जो मी नेला आणि मीच जास्त खाल्ला.

मुलाखतीत पॅनेलवरच्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या शेतकऱ्यानं शेवटी वाकून बघू दिलं का?" दिलं होतं. दुसऱ्या वर्षी.

जून २०२३मध्ये निवड झाल्याचा मेल आला. ऑक्सफर्डनं नाही म्हटलं, नॉरिचनं हो. आठ दिवसांत पुण्याच्या ऑफिसातून फोन: भिंतीवर लावायला फोटो आणि दोन ओळी हव्यात. मी म्हटलं, निबंधाच्या भागाचे पैसे परत करा, फोटो देते. फोन ठेवला त्यांनी. भिंतीवर मी नाहीये, मागच्या महिन्यात मैत्रीण बघून आली.

तर, कुणी घ्यावं हे पॅकेज? ज्याला तारखा सांभाळायला माणूस हवा आणि पैसे आहेत, त्यानं घ्यावं, पण निबंधाला हात लावू देऊ नये. बाकीच्यांनी सरावाची मुलाखत तेवढी घ्यावी. ती पॅकेजशिवाय वेगळीही मिळते, मला विचारलं तेव्हा ३,५०० सांगितले होते. रेट कार्डवर छापलेलं नाही, काउंटरवर विचारावं लागतं. वेळ घेताना त्या मुलीचीच मागा, शनिवारी असते. पावती मागून घ्या. लिफ्ट बहुतेक वेळा बंद, आणि खाली दुचाकी लावलीत तर उचलून नेतात.