कंट्रोल लाइनसाठी ओएस २५ एलए, दोन हिवाळे वापरल्यावर

दोन हिवाळे उडवून झालंय त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. इंजिन आहे ओएस मॅक्स २५ एलए, तारांवर उडवायच्या छोट्या मॉडेल विमानाचं, जपानी, ०.२५ क्युबिक इंच म्हणजे साधारण ४ सीसी. मी सेकंडहँड घेतलं कारण हे आता नवं कोरं मिळणं मुश्किलच आहे. घ्यायचं असेल तर २५ एलए-एस बघा, त्याला थ्रॉटल नसतो, नुसती वेंच्युरी (हवा आत घेणारी ठरावीक भोकाची नळी) असते. आरसीवालं, म्हणजे रेडिओने उडवायच्या विमानाचं, स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका, मग वेंच्युरी आणि नीडल (इंधन कमीजास्त करायचा सुईसारखा स्क्रू) शोधत बसाल.

कंट्रोल लाइन ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. विमानाला दोन बारीक स्टीलच्या तारा, त्यांची टोकं आपल्या हातातल्या हँडलला, विमान आपल्याभोवती गोल फिरतं आणि मनगट हलवलं की एलिव्हेटर हलतो. बस. इंजिनावर आपला काही ताबा नाही, एकदा सोडलं की टाकी संपेपर्यंत ते त्याच्या मर्जीने चालणार, त्यामुळे इथे ताकदीपेक्षा स्वभाव बघायचा असतो, सरळ उडताना, लूपमध्ये आणि उलटं असताना जे एकाच चालीत चालतं ते इंजिन चांगलं. मी मात्र आधी सगळ्यांसारखा ताकदीच्याच मागे लागलो होतो, ०.४६ च घ्यायचं असं डोक्यात होतं, मैदानावरचे एक काका म्हणाले, अरे तुझं मॉडेल बघ, पुठ्ठ्याएवढं बाल्साचं प्रोफाइल (हलक्या लाकडाच्या सपाट फळीचं धड), त्याला घोडा कशाला जुंपतोस. बरोबर होतं त्यांचं.

काका फॉक्स ३५ वाले. १९४० च्या दशकाच्या शेवटी आलेलं अमेरिकन इंजिन, बॉल बेअरिंगऐवजी बुशवर चालणारं, साधं, हलकं, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेतल्या स्टंटवाल्यांचं लाडकं. त्याची गंमत म्हणजे ते सरळ उडताना रिच (इंधन जास्त, हवा कमी), फोर स्ट्रोकमध्ये, म्हणजे एक फेरी सोडून एक पेटत, घरघरत जातं आणि नाक वर केलं की आपोआप टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे दर फेरीला पेटत, येऊन जोर लावतं, लूप संपला की परत घरघर. ऐकायला इतकं छान वाटतं की क्षणभर मलाही मोह झाला. पण ते लूपमध्ये मधेच ढेकर दिल्यासारखं अडखळतं म्हणून प्रसिद्ध आहे, तिकडे त्याला बर्पच म्हणतात आणि आतल्या बायपासमध्ये (इंधन-हवा वर नेणाऱ्या वाटेत) पट्टी बसवून लोक ते बंद करतात. ज्याला इंजिन उघडायची हौस आहे त्याने जरूर घ्यावं. मला उडवायचं होतं.

डिझेलचाही विचार केला होता. एनसीसी एअर विंगला असताना मिल्सच्या डिझेलची भारतात बनलेली नक्कल बघितली होती, मूळ मिल्स १.३ हे ब्रिटिश इंजिन १९४६ चं. प्लग नको बॅटरी नको, वरचा कॉम्प्रेशनचा स्क्रू फिरवायचा आणि बोटाने प्रॉप (पंखा) मारायचा, सुरू. पण इंधनात ईथर लागतं, केरोसीन आणि एरंडेलाबरोबर साधारण एकेक भाग, आणि ते ईथर आणायचं कुठून? तिथेच डिझेल बाद झालं. म्हणून म्हणतो, आधी इंधन कुठून मिळणार ते ठरवा, इंजिन मग बघा.

२५ एलए ग्लो इंजिन आहे, म्हणजे मिथेनॉल. प्लगची तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने लाल करायची, इंजिन धरलं की सेल काढून घ्यायचा, पुढे तारेतलं प्लॅटिनम आणि मिथेनॉल मिळून ती तापलेलीच राहते. मिथेनॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, ओळखीतून नीट बिल घेऊनच आणा, आणि सांभाळून, विषारी आहे, शिवाय पेटलं तर दिवसा उन्हात ज्योत दिसतच नाही. जोर वाढवायला इंधनात घालतात त्या नायट्रोमिथेनचा नाद मी सोडून दिलाय. ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल यावर हे इंजिन मजेत चालतं, फक्त थंडीत सकाळी सात वाजता सुरू करताना चार शिव्या जास्त लागतात. एरंडेल शुद्ध घ्या, त्यात कंजूषी नको. घरी आल्यावर शर्टाला जो वास येतो त्याबद्दल आमच्या घरी रोज बोललं जातं, ते वेगळं.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला मुरवणं, याबद्दल लोक हमखास चुकतात. फॉक्ससारख्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनाला थंड आणि रिच, छोटे छोटे रन द्यायचे असतात. २५ एलए तसं नाही, ह्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि निकेल चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) असते आणि स्लीव्ह वर जाऊन निमुळती होते, म्हणून थंड असताना प्रॉप वरच्या टोकाला अडल्यासारखा वाटतो. ते जॅम नाही, घाबरू नका, तेल ओतत बसू नका. फार रिच घरघरत ठेवलं तर स्लीव्ह गरमच होत नाही आणि घासली जाते, तर छोटा रन द्या पण नीट तापू द्या, मग थंड होऊ द्या.

माझ्या इंजिनाचा पहिला महिना वाया गेला. नीडल मागच्या बाजूला असते आणि तिथून वेंच्युरीपर्यंत एक छोटी नळी जाते, ती जुनी होऊन चिरलेली होती, ज्याच्याकडून घेतलं त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. हवा ओढायचं, सेटिंग टिकायचं नाही, आणि मी मूर्खासारखा प्लग बदलतोय. पाच मिनिटांत नळी बदलली आणि माणूस सुधारावा तसं सुधारलं. सेकंडहँड घेणाऱ्याने रबर-सिलिकॉनचं जे काही असेल ते आधी बदलून टाकावं.

त्यानंतर टाकी. सरळ आणि उलटं, दोन्हीकडे लॅपचा, म्हणजे एका फेरीचा, वेळ मोजा. माझं उलटं झालं की रिच व्हायचं आणि मंद पडायचं, म्हणजे टाकी नीडलच्या मानाने खाली बसली होती, तर खाली पातळ प्लायचा तुकडा सरकवून वर उचलली. दोन-तीन वेळा खटाटोप झाला पण आता ९ बाय ४ चा प्रॉप (इंचांत व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढा पुढे सरकेल ते अंतर), १८ मीटरच्या तारा आणि लॅप पाच सेकंदांच्या थोडा वर, दोन्हीकडे जवळपास सारखा. फोर-टू ची ती गंमत नाही, हे सरळ टू स्ट्रोकमध्ये चालतं, कमी पिचच्या प्रॉपने वेग धरून ठेवतं. थोडं बेचव म्हणा. पण माझ्यासारख्याला उलटं विमान दहा फुटांवर असताना बेचवच हवं असतं.

ह्याहून छोटं, म्हणजे कॉक्सचं ०.०४९, मुलांना खेळायला गोड आहे, पण वाऱ्यात तारा ढिल्या पडतात आणि मग विमान कुठे जाईल ते देवाला माहीत. दिवाळीनंतरच्या शांत सकाळी ठीक, होळीच्या आसपासच्या वाऱ्यात नको. दहा औंसाच्या पुढचं मॉडेल नसेल आणि फक्त हात बसवायचा असेल तर चालेल.

मफलरचे स्क्रू घट्ट आहेत का ते दर दोन-तीन फ्लाइटनंतर बघत जा. मी मागच्या रविवारी विसरलो, एक गवतात गेला, अर्धा तास दोघं गुडघ्यावर शोधत होतो, शेवटी सायकलवाल्याकडे जुळता मिळाला आणि सध्या त्याच्यावरच चाललंय.