नेपाळ की कंबोडिया? इंग्रजी शिकवायच्या सेवेला निघण्याआधी

बी.एड. झालेली, एखाद्या शाळेत वर्ष-दोन वर्षं उमेदवारी केलेली आपल्या चर्चच्या मंडळीतली मुलंमुली अधूनमधून विचारतात: परदेशी सेवेला जायचंय, इंग्रजी शिकवायचंय, कुठं जावं? हातात बहुतेक वेळा एखाद्या अमेरिकन संस्थेचं माहितीपत्रक असतं. फोटो छान असतात. पण ते पत्रक अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेलं असतं, आणि भारतीय पासपोर्ट हातात घेतला की त्यातले निम्मे देश गळतात.

म्हणून पूर्वेकडचे बाकीचे देश आधी उरकून टाकतो. चीनचं नाव पहिलं निघतं. १९८५ मध्ये नानजिंगला चिनी ख्रिस्ती लोकांनीच अ‍ॅमिटी फाउंडेशन काढलं. परदेशच्या चर्चेसनी पाठवलेले इंग्रजीचे शिक्षक त्यांनी लहान शहरांतल्या अध्यापक महाविद्यालयांत नेमले, वर्गात धर्मप्रसार करायचा नाही या अटीवर. व्यवस्था चोख होती. पण आज इंग्रजी शिकवण्याचा चिनी परवाना साधारणपणे इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या मोजक्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. दक्षिण कोरियात २०१० च्या व्यापार करारामुळे भारतीयांना थोडी वाट मिळाली आहे, तीही अध्यापनाची पात्रता दाखवून सहायक शिक्षक म्हणून. ती नोकरी आहे, सेवा नव्हे. जपानमध्ये स्टेशनाबाहेर फुकट इंग्रजी संभाषणवर्गाची पत्रकं वाटणारे, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेले तरुण दिसतात ते मॉर्मन. त्यांच्यात मुलांची सेवा २ वर्षांची असते, देश चर्च ठरवतं, आणि त्यांच्या चर्चचे सभासद असल्याशिवाय तो विषयच नाही. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, शिवाय आपल्यासारख्यांकडे शाळा इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. अशक्य नाही, पण पाठीशी भक्कम संस्था नसेल तर कागदपत्रांतच वर्ष जातं.

उरतात दोन: नेपाळ आणि कंबोडिया.

नेपाळची सोय उघडच आहे. व्हिसा नाही. विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. रस्त्याने जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा, पुढे बस. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे राहण्या-फिरण्याला अडसर नाही. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १ रुपया ६० पैसे, हा दर गेली कित्येक वर्षं ठरलेला आहे, त्यामुळे घरून आलेले पैसे वाटेत आटत नाहीत. आणि काही बिनसलं तर दोन-तीन दिवसांत माणूस घरी. आईवडिलांचा निम्मा विरोध एवढ्यावरच मावळतो.

शिवाय तिथल्या मिशनच्या कामाचं आपल्याशी जुनं नातं आहे. १९५१ मध्ये काठमांडूजवळ गोदावरीला सेंट झेवियर्स शाळा सुरू केली ती फादर मार्शल मोरन या जेझुइटांनी. ते मूळचे अमेरिकन, पण गेले पाटण्याहून. (हौशी रेडिओवाल्यांत ते धर्मगुरू म्हणून कमी आणि नेपाळमधून ऐकू येणारा आवाज म्हणून जास्त प्रसिद्ध होते.) प्रॉटेस्टंट मिशनांची युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था तर १९५४ मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झाली. दवाखाने, शाळा, पुढे वीजप्रकल्प असं काम तिने केलं, पण नेपाळ सरकारशी लेखी करार करून, आणि त्या करारात धर्मप्रसार न करण्याची अट होती. मिशनने ती मान्य केली. आज नेपाळला जाणाऱ्याने हा करार लक्षात ठेवावा, कारण तेव्हाची अट आता थेट कायद्यात आली आहे. २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याला मनाई केली. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात, आणि या बाबतीत भारतीयही परदेशीच.

व्यवहारात याचा अर्थ असा. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारलं, "सर, तपाईं कुन धर्मको?" तर खरं उत्तर द्यावं, त्यात काही गुन्हा नाही. पण शाळा सुटल्यावर मुलाच्या हातात बायबलचा नवा करार देणं, परीक्षेआधी वर्गात सर्वांना डोळे मिटायला सांगून प्रार्थना करणं, आपल्याकडे संडे स्कूलमध्ये सहज चालतं ते तिथं तक्रारीचं निमित्त होऊ शकतं. आणि तक्रार झाली की तुम्ही बॅग भरून परत येता. झळ लागते ती शाळेला आणि तिथल्या नेपाळी विश्वासणाऱ्यांना. ज्याला ख्रिस्ताबद्दल साक्ष दिल्याशिवाय राहवत नाही त्याने नेपाळला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यात त्याच्या विश्वासाला मी कमी लेखत नाही. जागा चुकीची आहे, एवढंच.

नेपाळची दुसरी अडचण माहितीपत्रकात कधी येत नाही. ती म्हणजे हिंदी. वर्गातल्या बहुतेक मुलांना हिंदी कळतं, तुम्हालाही येतं. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक इंग्रजीतून समजावताना घाम फुटतो, हिंदीतून मिनिटात होतो. मुलं खूश, तुम्ही खूश. काही आठवड्यांत लक्षात येतं की वर्गात इंग्रजी फक्त फळ्यावर उरलंय. मराठी माणसाला नेपाळी मुलांच्या चुका आधीपासून ओळखीच्या असतात: क्रियापद शेवटी टाकणं, 'स्कूल'चं 'इस्कूल' करणं, 'द' कुठं लावायचा याचा पत्ता नसणं. हा आपला मोठा फायदा आहे, अमेरिकन स्वयंसेवकाला ही चूक कुठून येते तेच कळत नाही. पण हिंदीला दाराबाहेर ठेवायची शिस्त नसेल तर तो फायदा पाण्यात.

कंबोडियात हा मोह नाही, कारण आधारच नाही. लिपी वेगळी, भाषा वेगळी, हिंदी सिनेमातल्या दोन-चार गाण्यांपलीकडे कामाला येईल असं समान फारसं काही नाही. पहिले दोन महिने हातवारे, चित्रं, वस्तू यांवरच निघतात. पण इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायची सवय लागते ती इथे.

इंग्रजीची भूक कंबोडियात का आहे ते समजून घ्यायला हवं. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात शाळा बंद पडल्या, शिकलेली माणसं मारली गेली. त्यानंतरचं दशकभर व्हिएतनामच्या छायेत गेलं. परदेशी भाषा म्हणून तेव्हा व्हिएतनामी आणि रशियन, इंग्रजी शिकायचं ते लपूनछपून. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली आणि इंग्रजी येणाऱ्याला रातोरात काम मिळू लागलं. १९९९ मध्ये देश आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा सभासद झाला, तिचं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणजे इथल्या मुलाला इंग्रजी हवं ते पोटासाठी.

माटुंग्याचं डॉन बॉस्को ज्या सलेशियन या कॅथलिक संघाचं, तोच संघ १९९१ पासून कंबोडियात तांत्रिक शाळा चालवतो आहे. सिहानूकव्हिलला त्यांचं हॉटेल स्कूलही आहे. शिकणारी मुलं बहुतेक बौद्ध, गरीब घरची. अशा ठिकाणी तुम्ही शिकवता ते इंग्रजी उद्या कामाला येणारं असतं. तिथल्या ख्मेर भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारत नाहीत, तो 'ह'सारखा होतो किंवा गळूनच जातो. त्यामुळे वेटरचं काम शिकणारी मुलगी 'आइस', 'राइस' आणि 'प्राइस' म्हणते तेव्हा शेवट तिन्हींचा सारखाच हवेत विरतो. गिऱ्हाइकाने बर्फ मागितला, आला भात. उपाय पुस्तकात शोधू नका. दोघांना समोरासमोर बसवा, एकाच्या हातात ट्रे, टेबलावर पेला आणि वाटी. चुकीची वस्तू आली की हशा होतो, आणि जीभ आपोआप 'स'पर्यंत जायला लागते. अनेकवचनाचा 'एस' शिकवण्याआधी हे करावं लागतं, नाहीतर व्याकरण येतं आणि ऐकू येत नाही.

धर्माच्या बाबतीत कायदा नेपाळपेक्षा सैल, पण आहे. बौद्ध धर्म हा राज्याचा अधिकृत धर्म. बाकीच्यांना घरोघरी जाऊन प्रचार करायला मनाई, पुस्तिका वाटायच्या तर आपल्या प्रार्थनास्थळातच, आणि पैसे किंवा वस्तू देऊन कुणाला धर्मांतराला वळवता येत नाही. उपासना उघडपणे चालते, रविवारी चर्चला जाताना इकडेतिकडे पाहावं लागत नाही. म्हणजे वर्ग वेगळा आणि उपासना वेगळी ठेवता येते, दोन्ही चारचौघांत. सप्टेंबर-ऑक्टोबरात प्चुम बेन येतो, आपल्या पितृपक्षाच्याच सुमाराचा, पूर्वजांना भात अर्पण करायचा पंधरवडा. मुलं घरी बोलावतात. पॅगोडात काय करायचं आणि काय नाही, हे आपल्या पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी निघण्याआधीच बोलून घ्यावं, ऐनवेळी गोंधळ नको. जेवणाचं म्हणाल तर सुक्या मासळीत वाढलेल्या वसई-मालवणकडच्या माणसाला प्रहोक, म्हणजे त्यांची आंबवलेली मासळी, सहज रुचेल. शुद्ध शाकाहारी माणसाचे मात्र हाल.

इंग्रजीचं आमिष दाखवून बाटवतात हा आरोप दोन्ही देशांत कानावर येतो, आणि तो ऐकून चिडायचं कारण नाही. आपण महाराष्ट्रात बाकाच्या दुसऱ्या बाजूलाही बसलेलो आहोत. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या, पुढे नगरला आयुष्य वेचलेल्या सिंथिया फेरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले अध्यापन शिकल्या. त्या शिकल्या, परतल्या, आणि ख्रिस्ती न होता हजारोंच्या आयुष्याला वळण लावून गेल्या. याउलट १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेत दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी बहुतेक मुलं शाळेतून काढून घेतली. त्या दोघांचा निर्णय प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. तरी वर्ग रिकामा झाला तो झालाच. संस्था निवडताना मी म्हणून एकच गोष्ट आधी पाहतो: वर्षाच्या शेवटी एकाही मुलाने ख्रिस्ताबद्दल काही विचारलं नाही, तरी ते वर्ष वाया गेलं असं ही माणसं म्हणणार नाहीत ना?

पैशाचं थोडक्यात. पगार दोन्हीकडे धरू नका. राहणं-जेवण, फार तर हातखर्च. कंबोडियात तिथल्या रिएल या चलनाबरोबर डॉलर सर्रास चालतो, त्यामुळे रुपया घसरला की तुमचा महिना आखडतो. मंडळीतली माणसं मासिक मदतीची वचनं उत्साहाने देतात आणि ईस्टरनंतर विसरतात, म्हणून निदान एका वर्षाची रक्कम खजिनदाराकडे जमा झाल्याशिवाय तिकीट काढू नये. विमा स्वतःचा काढावा.

कंबोडियाबाबत एक इशारा ठळक अक्षरांत द्यायला हवा. नोकरीच्या आमिषाने बोलावून भारतीय तरुणांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं तिथं घडली आहेत. सुमारे २५० जणांना सोडवून परत आणल्याचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ मध्ये सांगितलं. या अड्ड्यांसाठी बदनाम झालेलं शहर म्हणजे तेच सिहानूकव्हिल. तेव्हा 'इंग्लिश टीचर हवेत, तिकीट आम्ही देऊ' अशी ऑफर व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती मिशनच्या नावाने आली तरी थांबा. संस्थेच्या भारतातल्या शाखेशी प्रत्यक्ष बोला, तिकीट आपल्या पैशाने काढा, पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. पर्यटक व्हिसावर शिकवायला बसू नका. साधारण 'ई' वर्गाचा व्हिसा घेऊन पुढची मुदतवाढ आणि परवाना संस्थेने करून द्यायचा असतो.

दोन आठवड्यांच्या इंग्रजी शिबिरांवर फार शब्द घालवत नाही. गाणी होतात, खेळ होतात, मुलांना मजा येते, इंग्रजी येत नाही. मुंबईहून जाण्यायेण्याच्या भाड्यात तिथल्या शिक्षकाचा एखाद्या महिन्याचा पगार सहज निघेल. अपवाद मुरलेल्या शिक्षकांचा: पंधरा-वीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी दोन आठवडे तिथल्या शिक्षकांनाच शिकवलं तर ते कारणी लागतं.

माझा कौल विचाराल तर असा. वय बाविशीच्या आसपास, पहिल्यांदाच घराबाहेर, हाती एकच वर्ष, आणि शब्द पाळून गप्प राहता येत असेल तर नेपाळ. बी.एड. झालंय, २ वर्षं देता येतात, ओळखीचा संघ किंवा मिशन पाठीशी आहे, तर डोळे झाकून कंबोडिया. तिथं तुमचा विश्वास लपवावा लागत नाही आणि शिकवणं कसाला लागतं. एकट्या मुलींनी निवासी शाळा असलेली जागाच घ्यावी, मग देश कुठलाही असो. जमलं तर आधी सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स करावा: निदान १२० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षकासमोर ६ तास प्रत्यक्ष शिकवणं. आपल्या बी.एड.मध्ये परक्या भाषेच्या वर्गाचा एवढा सराव होत नाही.

नेपाळचं शालेय वर्ष बैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तेव्हा पत्रव्यवहार नाताळाआधी व्हायला हवा. आणि दिवाळीच्या सुट्टीत 'जाऊन बघून येऊ' म्हणून काठमांडू गाठू नका. दसैं आणि तिहारच्या, म्हणजे त्यांच्या दसरा-दिवाळीच्या, त्या दिवसांत शाळा बंद असतात, भेटेल तो फक्त वॉचमन.